खोत सरांची बुरशी

सकाळी सहाला माझा मोबाईल वाजला की नवरा पांघरुणातूनच म्हणायचा, "घे, बुरशी आली." अकरा वर्षांत त्याचा अंदाज एकदाही चुकला नाही. पलीकडे खोत सरच असायचे. "सुनीता, काल इन्क्युबेटरचं दार नीट लागलं होतं का गं?" लागलं होतं, सर. "खटका ऐकलास?" ऐकला. "तू ऐकलास का मी ऐकला?" मग मी चिडायची आणि सांगायची, दोघांनी ऐकला, आता मला डबे करू द्या. दोन तासांनी लॅबमध्ये भेटल्यावर ते पहिल्यांदा बुरशी वाढवायच्या त्या उबदार कपाटाचं, इन्क्युबेटरचं, दार बघायचे आणि मग मला नमस्कार करायचे.

सर गेले त्याला आठ महिने झाले. सहाला अजून जाग येते. फोन वाजत नाही आणि उगाचच वाटतं, काल दार उघडं राहिलं असेल.

डॉ. आदगोंडा खोत. वारणाकाठच्या जैन शेतकऱ्याच्या घरातले. मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि घरी बसवेना म्हणून सांगलीतल्या आमच्या लॅबमध्ये येऊ लागले. मी तिथली टेक्निशियन. पांढरा अर्ध्या बाहीचा शर्ट, खिशात तीन पेनं, कारण एक चाललं नाही तर दुसरं आणि दुसरं चाललं नाही तर तिसरं. मोपेडवरून यायचे तेही इतक्या हळू की शाळेची पोरं सायकलवरून त्यांना मागे टाकून जायची.

कांदा, लसूण, बटाटा त्यांना वर्ज्य. पाणी गाळून, उकळून. सूर्य मावळायच्या आत जेवण, त्यामुळे साडेपाचला हात धुऊन ते गॅलरीत डबा उघडायचे. आणि हा माणूस दिवसभर आत बसून काचेच्या नळ्यांमध्ये बुरशी वाढवायचा. मी एकदा चिडवलं, "सर, तुम्ही शिळी भाकरी खात नाही आणि इथं बुरशीचं गोकुळ मांडलंय." ते हसले नाहीत. म्हणाले, "वाढवल्याशिवाय नाव कळत न्हाई, आणि नाव कळल्याशिवाय औषध कसं द्यायचं? पण मारावी लागते ते काय मला आवडतंय व्हय?" काम झालेल्या नळ्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे आमच्या त्या मोठ्या प्रेशर कुकरमध्ये, वाफेने माराव्या लागतात. ते बटण सर स्वतः दाबायचे. झाकणावर हात ठेवून पुटपुटायचे, "उत्तम क्षमा." पर्युषण संपल्यावर माणसं एकमेकांची क्षमा मागतात तेच शब्द. नवीन होते तेव्हा मला हसू यायचं. पुढे मी त्यांचं होईपर्यंत गप्प उभी राहायला शिकले.

त्यांच्याकडे पेशंट यायचे ते बहुतेक पुरुष, आणि सगळे खाली मान घालून. सातारा, कऱ्हाड, मिरजेचे डॉक्टर पाठवायचे. पुरुषाच्या 'जाग्यावरची' बुरशी, जी साध्या मलमाला दाद देत नाही, ती खोत सरांकडे. बाहेर बाकावर बसलेली ही माणसं मला बघितलं की उठून पाण्याच्या पिंपाकडे जायची. लिंग, वृषण हे शब्द कुणाच्या तोंडून फुटायचे नाहीत. सर कधीच त्यांच्याकडे बघून विचारायचे नाहीत. मायक्रोस्कोपची भिंगं पुसायला घ्यायचे आणि पुसता पुसता विचारायचे, ऊस किती आहे, पाणी पाटाचं का ठिबकचं, मोटार कोण चालू करतं, मग भिजल्या कपड्यात किती वेळ असतोस. पाच मिनिटांत तो माणूस आपणहून सगळं सांगत असायचा. पुसून पुसून ती भिंगं झिजतील अशी मला भीती वाटायची.

"आधी काय लावलंस?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. मग खिशातून चेपलेली ट्यूब निघायची. मेडिकलवाल्याने दिलेली, तीन औषधं एकत्र असलेली, त्यात एक स्टेरॉईड. "ह्यानं लाली जाती, खाज जाती. बुरशी न्हाई जात. ती आत पसरती आणि चेहरा बदलून बसती," असं सांगून सर ती ट्यूब ठेवून घ्यायचे. त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात अशा दोनेकशे ट्यूबा होत्या.

एकदा आमच्या कडेगावकडच्या एका तालमीतले पाच पैलवान महिन्याभरात आले. मांडीतलं गजकर्ण सगळ्यांना होतं, पण ते सहसा जिथं जात नाही तिथं, थेट लिंगाच्या कातडीवरही पसरलं होतं. सरांना चैन पडेना. रविवारी माझ्या नवऱ्याच्या गाडीत बसून ते तालमीत हजर. वस्ताद खवळले. "लाल मातीत हळद, ताक, तेल घालतोय आमी. हितं रोग कसा येईल, डाक्टर?" सरांनी माती हातात घेऊन हुंगली आणि म्हणाले, "माती लय चांगली हाय, वस्ताद. लंगोट दाखवा." लंगोट मागच्या अंधाऱ्या खोलीत दोरीवर होते. ओले. कालचे ओले, परवाचेही ओले, आणि कुणाचा कुठला याचा पत्ता नाही. "उन्हात का घालत न्हाई?" वस्ताद म्हणाले, "म्होरनं बायामाणसं जात्यात. लंगोट काय झेंड्यावानी लावू?" परतताना गाडीत सांगलीपर्यंत सरांनी एकच वाक्य उच्चारलं: "लाजंपायी चाललंय सगळं." पुढचे पंधरा दिवस ते वस्तादांना रोज फोन करत होते. शेवटी वैतागून वस्तादांनी तालमीच्या माळवदावर, म्हणजे सपाट छतावर, तीन बाजूंनी पत्रे उभे केले आणि आत तारा बांधल्या. पैलवान बरे झाले. सरांची काळजी मात्र संपली नाही. पावसाळ्यात ऊन नसताना काय करतील, हे ते जूनपर्यंत मला विचारत राहिले.

आणि साताऱ्याचे ते मुख्याध्यापक. पुढची कातडी चिरलेली, पांढरा थर. ते सरांपाशी नुसते रडले. बायको संशय घेत होती, चार महिने वेगळी झोपत होती. सरांनी तिथल्या तिथे बोटातून रक्त काढलं आणि साखर बघितली. चांगलीच वाढलेली होती, आणि गृहस्थांना तिचा पत्ताच नव्हता. सरांनी त्यांना औषध दिलं नाही, आधी बायकोला बोलावून घेतलं. बाई आल्या, पदर घट्ट ओढून. सर त्यांच्याही तोंडाकडे न बघता भिंग पुसत म्हणाले, "वहिनी, ह्यांनी काय वाकडं पाऊल टाकलेलं न्हाई. साखर वाढली की ही बुरशी तिथं वाढती. तुमालाबी तपासायला लागंल." जाताना नवऱ्याची पिशवी बाईंनी स्वतःच्या हातात घेतली.

हे सगळं वाचून सर धीराचे होते असं वाटेल. नव्हते. प्रत्येक रिपोर्टवर सही करताना त्यांचा हात थांबायचा. "चुकलो असलो तर?" हे ते इतक्या वेळा म्हणायचे की मला राग यायचा. प्रमोदची केस आली तेव्हा मात्र तो प्रश्न मीही विचारायला लागले.

प्रमोद वडूजकडचा, फौजेतला. तिशीच्या आतला, दोन वर्षांपूर्वी लग्न झालेलं, मूल नाही. वर्षभरापूर्वी त्याची डावी गोटी सुजली, गाठ झाली. कुठल्याशा दवाखान्यात कॅन्सरच्या भीतीने ती काढून टाकली. कॅन्सर निघाला नाही, टीबी असावा असं ठरलं. पाच महिने टीबीच्या गोळ्या खाऊनही आता उजवीकडे तशीच गाठ आलेली. मिरजेच्या सर्जननी तपासलं. गाठ वृषणाला मागून चिकटलेल्या नळीत होती, बीज जिच्यातून बाहेर जातं त्या. औषधाने हलत नसेल आणि पू पसरत असेल तर हीही बाजू काढावी लागेल, असं त्यांनी प्रमोदला सांगितलं. त्याआधी एक तुकडा काढून आमच्याकडे पाठवायचं ठरलं.

तुकडा म्हटलं की सरांचं एकच पालुपद: "जिवंत पाठवा." ऑपरेशन थिएटरात काढलेला कुठलाही तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकायची सवय असते. त्यात पेशी टिकतात, पण बुरशी मरते आणि मेलेली बुरशी वाढवता येत नाही. म्हणून निम्मा तुकडा साध्या निर्जंतुक सलाईनमध्ये हवा. हे थिएटरला कळवायचं काम माझं. मी सकाळी फोन केला, सिस्टरना सांगितलं, त्या "हो" म्हणाल्या. ऑपरेशन लांबलं, दुपारी पाळी बदलली. दुसऱ्या सिस्टरना कुणी सांगितलं नाही. मीही परत फोन केला नाही. संध्याकाळी आलेल्या बाटलीचं झाकण सरांनी उघडलं आणि तो डोळ्यांत जाणारा वास आला. सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये.

सर मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "आता परत कापायचं म्हंजे सगळंच काढायचं."

त्या तुकड्याचा रिपोर्ट आला: कॅन्सर नाही, टीबीचे जंतू दिसत नाहीत, मेलेल्या पेशी भरपूर, त्यात काही बारीक ठिपके, बुरशी असू शकते, खात्री नाही. सर्जननी पुढच्या गुरुवारची तारीख दिली. सरांनी प्रमोदला बोलावून घेतलं. कशासाठी ते त्यांनाही माहीत नव्हतं. नुसतं समोर बसवून पुन्हा पहिल्यापासून विचारायला लागले. पोस्टिंग कुठं होतं? बंगालकडं. तिथं काय काम? सगळंच. एखादं जुनं गोदाम साफ केलं होतं का, पडकी इमारत, वटवाघळं? प्रमोदने वर बघितलं. "व्हय साहेब. धा दिवस आमी त्येच करत हुतो. गुडघाभर घाण हुती वटवागळांची. समद्यांना ताप आल्ता."

सरांचा भिंगावरचा हात थांबला. तेवढ्यात मी चहा आणला. प्रमोदने घोट घेतला आणि तोंड वाकडं करून चहा उजव्या गालाकडे फिरवला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सर उठले. "जीभ काढ बघू." जिभेच्या डाव्या कडेला रुपयाएवढा व्रण होता, कडा जाड झालेल्या. "किती दिवस?" "चार म्हैनं झालं. तंबाखूनं असंल म्हनून न्हाई सांगितलं. दुखनं खाली आन् जीब कशाला दाखवू?"

सरांनी त्या व्रणाचा कडेचा भाग खरवडून घेतला. माझ्या हातातली सलाईनची बाटली त्यांनी दोनदा हुंगली, मगच तो आत टाकला. त्यातला थोडा काचेवर पसरून रंगवला. रंगवलेल्या पेशींच्या पोटात बारीक बारीक गोल दाणे, भोवती पांढरी कड. वटवाघळांच्या विष्ठेत वाढणारी एक बुरशी असते, श्वासातून फुप्फुसात जाते, तिथून रक्तातून कुठंही जाऊन बसते. क्वचित पुरुषाच्या बीजनळीतही. हिस्टोप्लाझ्मा तिचं नाव. टीबीचं सोंग तिच्याइतकं हुबेहूब कुणी घेत नाही. मी म्हटलं, सर, सापडली. तर त्यांचा चेहरा आणखी उतरला. "काळ्या तापाचे जंतूबी असेच दिसत्यात गं. त्या भागात तोबी असतोय." मग त्यांनी बुरशीलाच चढणारा रंग लावला. तो चढला. तरी त्यांचं समाधान होईना.

त्यांनी सर्जनना फोन लावला. मी समोरच होते. "गुरुवारचं थांबवा." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. सर म्हणाले, "खात्री म्हैन्यानं देतो. आत्ता फक्त शंका देतोय." पलीकडचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "व्हय, चुकलो तर जबाबदारी माझी." फोन ठेवल्यावर त्यांनी तिन्ही पेनं खिशातून काढून टेबलावर ठेवली आणि परत खिशात घातली.

फिजिशियननी प्रमोदला ॲडमिट करून घेतलं. टीबीच्या गोळ्या सरांच्या हट्टाने बंद झाल्या, कारण त्यातल्या एका गोळीने बुरशीच्या औषधाचा असर नाहीसा होतो. किडनीवरच्या ग्रंथीही तपासून घ्यायला लावल्या, ही बुरशी तिथंही बसते म्हणून. आधी सलाईनमधून औषध, मग कॅप्सूल, वर्षभर, जेवणावरच घ्यायच्या, ॲसिडिटीची गोळी घ्यायची नाही. हे सगळं सरांनी प्रमोदच्या बायकोला, रेश्माला, कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं आणि तिच्याकडून तीनदा वाचून घेतलं.

आणि आमच्याकडे त्या जिभेच्या खरवडीच्या चार नळ्या. ही बुरशी वाढायला आठवडे घेते. दहाव्या दिवशी दोन नळ्यांत हिरवी, भलतीच बुरशी आली, हवेतली. दोन राहिल्या. सकाळी सहाचा फोन आता पावणेसहाला यायला लागला. नवऱ्याने चिडवणं सोडलं. "काय आलं का?" हे तोच विचारायचा. सरांचं जेवण तुटलं. डबा तसाच परत जायचा. मी म्हटलं, औषध चालू आहे, जिभेचा व्रण भरतोय, मग नळीत उगवलं काय नाही काय? ते म्हणाले, "उद्या दुसरा प्रमोद यील. त्यालाबी व्रणाच्या भरवशावर ठेवू?"

बाविसाव्या दिवशी उरलेल्या दोनांतल्या एका नळीत पांढरा कापूस दिसला. ही बुरशी श्वासात गेली तर आपल्यालाही बाधते. म्हणून नळी उघडताना सरांनी मला खोलीबाहेर घालवलं. "तुझी पोरं लहान हायत," म्हणाले. मी दाराच्या काचेतून बघत होते. हवा गाळणाऱ्या त्या पेटीत हात घालून बसलेला सत्तरीला आलेला माणूस, मास्कवर मास्क. बाहेर आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. काटेरी गोल बीजं दिसली होती. नाव नक्की झालं होतं. "आता सर्जनना सांग," एवढंच ते म्हणाले. त्या दिवशी मी त्यांच्या देखत रडले, फॉर्मॅलिनच्या बाटलीबद्दलचं सगळं रडले. ते म्हणाले, "अगं, दुसऱ्या पाळीला फोन करायचा ऱ्हायला. आता कधी ऱ्हाणार न्हाई." खरंच राहिलेला नाही.

गाठ विरत गेली. प्रमोदचा अवयव काढणं टळलं. पण वर्षाने औषध संपलं तेव्हा खरा प्रश्न उरलेलाच होता. बीजनळी इतके महिने सुजलेली, आत व्रण भरताना ती बुजली असेल तर वृषण असून नसल्यासारखं. प्रमोद आणि रेश्मा वीर्यतपासणीसाठी आले. ती तपासणी माझ्याकडे असते. सरांची तब्येत तोवर उतरली होती, ते आठवड्यातून एकदाच यायचे. त्या दिवशी त्यांचा वार नसताना आले.

नमुना आला. मी काचेवर थेंब घेतला आणि बघितलं. एक चौकोन, दुसरा चौकोन, सगळी काच. काहीच नव्हतं. सर माझ्यामागे उभे होते. मला मान वर करवेना. "न्हाई?" ते म्हणाले. मी नाही म्हटलं. दाराच्या फटीतून बाकावरचे दोघं दिसत होते, प्रमोदचे हात मांड्यांवर, परेडला बसल्यासारखे ताठ. सरांनी स्टूल ओढलं, त्यावर बसले. मग म्हणाले, "फिरवून बघ. खालचा गाळ घे."

नमुना यंत्रात फिरवला, तळाचा थेंब काचेवर घेतला. मी बघणार तोच ते म्हणाले, "सरक." स्वतः भिंगाला डोळा लावला. काच ते अगदी सावकाश सरकवत होते. मध्येच थांबले. मागे आले. परत तिथंच.

"त्याला आत बोलव," ते म्हणाले.

पेशंटला आम्ही कधी आत घेत नाही. प्रमोद चपला काढून आत आला. सरांनी उठून त्याला स्टुलावर बसवलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि वाकून त्याच्या कानाशी म्हणाले, "एक डोळा मीट. मधोमध न्हाई, डाव्या अंगाला बघ. घाई करू नको."

प्रमोद बघत राहिला. दारात रेश्मा येऊन उभी होती.

"दिसलं?"

"हाललं, साहेब." आवाज त्याचा नव्हताच. "एकच हाय व्हय?"

"आत्ता एक दिसतोय. एकावरबी आता डाक्टर मूल करून देत्यात," सर म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, पण ते पुसायला त्यांनी प्रमोदच्या खांद्यावरचा हात काढला नाही. "थांब. बघत ऱ्हा. आनखी असतील."